त्याला माझी साखर माहीत होती

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका वाचनालयात ज्येष्ठ नागरिकांसमोर एका वकील महिलेने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सुरुवात माझ्या घरापासूनच करते, कारण चूक माझीच होती.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना एका तपासणी लॅबचा ईमेल आला. 'आमच्या यंत्रणेत अनधिकृत प्रवेश झाल्याचे आढळले आहे. आपली गोपनीयता आमच्यासाठी सर्वोच्च आहे.' असली पत्रं नेहमी गोपनीयता गेल्यावरच तिचं महत्त्व सांगतात. सासूबाईंनी ते वाचलं नाही. मी वाचलं आणि वकील असूनही सोडून दिलं. तीन आठवड्यांनी दुपारी फोन आला. 'आजी, शुगरचा तीन महिन्यांचा रिपोर्ट 8.2 आलाय ना तुमचा? डॉक्टरांनी पुढची टेस्ट सांगितलीय. ज्येष्ठांना मोफत आहे, नोंदणीचे 10 रुपये फक्त.' मग लिंक, कार्डाचा नंबर, ओटीपी. 48 हजार गेले.

मी चिडले. त्या शांतपणे म्हणाल्या, 'अगं, पण त्याला माझी साखर माहीत होती. म्हणजे लॅबचाच माणूस ना?'

डेटा लीकचं सगळं मर्म त्या एका वाक्यात आहे. गळलेल्या माहितीतून थेट पैसे क्वचितच निघतात. त्या माहितीवर विश्वास उभा केला जातो आणि पैसे आपणच देतो. माहिती 'चोरीला' गेली म्हणतात, पण घरातलं काहीच हललेलं नसतं. कुणीतरी किल्लीचा साबणावर छाप घेऊन गेलेलं असतं, आणि तो छाप कधी वापरला जाईल ते आपल्याला कळत नाही. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख, आजार, अंगठ्याचा ठसा बदलता येत नाही.

त्यातच, माहिती आपण देतो एकाला आणि ती राहते दुसऱ्याकडे. 2021 मध्ये एअर इंडियाने जगभरातल्या सुमारे 45 लाख प्रवाशांची माहिती फुटल्याचं जाहीर केलं. ऑगस्ट 2011 पासून फेब्रुवारी 2021 पर्यंतची नावं, जन्मतारखा, पासपोर्टचे तपशील. घुसखोरी झाली होती प्रवाशांची यंत्रणा सांभाळणाऱ्या सीता नावाच्या परदेशी कंपनीत. तिकीट काढताना आपल्यापैकी किती जणांनी ते नाव ऐकलं होतं?

आता कायदा. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. त्यातून पुढे 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम. आकडे वाचून बरं वाटतं. सुरक्षेत कुचराई केली तर कंपनीला 250 कोटींपर्यंत दंड, माहिती फुटल्याचं लपवलं तर 200 कोटींपर्यंत. ज्यांची माहिती फुटली त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवायचं आणि डेटा संरक्षण मंडळाला 72 तासांत सविस्तर अहवाल द्यायचा.

मात्र दोन गोष्टी जाहिरातीत येत नाहीत. एक, हा दंड सरकारी तिजोरीत जातो, तुमच्या खात्यात एक रुपयाही येत नाही. दुसरी, कंपन्यांवरच्या या मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतात, आणि त्याच वेळी माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 43-अ रद्द होतं. नागरिकाला थेट नुकसानभरपाई मागता येते ती मुख्यतः याच कलमाखाली. नवं घर बांधताना जुन्या घराचा जिना काढून टाकावा तसं झालंय. माझ्या मते ही या कायद्यातली सगळ्यात मोठी उणीव आहे. म्हणून ज्यांचं नुकसान आत्ता झालंय, त्यांनी मे 2027 ची वाट बघत बसू नये.

43-अ चालतं कसं? संवेदनशील माहिती, म्हणजे पासवर्ड, बँकेचे आणि कार्डाचे तपशील, वैद्यकीय नोंदी, बोटांचे ठसे वगैरे, सांभाळण्यात कंपनीने हलगर्जी केली आणि त्यातून नुकसान झालं, तर भरपाई. नुसतं नाव आणि फोन नंबर त्यात बसत नाही. 5 कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. ते इथे न्यायनिर्णय अधिकारी असतात. पुण्यातल्या एका कंपनीच्या खात्यातून 80 लाख 10 हजार रुपये गेले होते. 2013 मध्ये महाराष्ट्राच्या तत्कालीन सचिवांनी बँकेला 45 लाख द्यायला लावले. फसव्या ईमेलला उत्तर दिलं ही खातेदाराची चूक धरली, आणि सुरक्षेच्या तपासण्या नव्हत्या ही बँकेची. 'ओटीपी तुम्हीच दिला ना?' असं बँकेने सुनावलं की लोक मान खाली घालून परत येतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

बँकेपुरता हिशेब रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने घालून दिला. चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, तिसरीकडेच काही फुटलंय, आणि बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लावलेत तर थोडा वाटा तुमचा. ओटीपी स्वतः दिला असेल तर तक्रार नोंदवेपर्यंतचं नुकसान तुमच्याच डोक्यावर, मात्र कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. खातेदाराचा दोष सिद्ध करायचा भारही बँकेवर आहे. आम्ही त्याच संध्याकाळी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, म्हणून 48 पैकी 31 हजार पुढच्या एका वॉलेटमध्ये अडकले. ते हातात यायला कोर्टाचा आदेश लागला, ती वेगळीच कहाणी.

ग्राहक आयोगाचा रस्ता मला जास्त आवडतो. सेवेत त्रुटी म्हणून तक्रार करायची, आणि आता तुम्ही राहता तिथेच करता येते. ठाण्यात जिल्हा आयोग आहे, नवी मुंबईकरांसाठी कोकण भवनात अतिरिक्त आयोग. सेवेचा मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. एकाच लीकमध्ये पोळलेले अनेक जण मिळूनही जाऊ शकतात. फुकट अ‍ॅपवाल्यांवर मात्र हा रस्ता चालत नाही, कारण पैसे दिले नाहीत तर तुम्ही ग्राहकच ठरत नाही.

कुठेही गेलात तरी समोरचा वकील एकच प्रश्न विचारणार: 'ही माहिती आमच्याकडूनच फुटली कशावरून?' मी त्या बाजूने उभी असते तर मीही हेच विचारलं असतं. सासूबाईंचं प्रकरण लंगडं पडलं ते इथेच. ईमेल पुसला गेला होता, आणि फोनवर तो '8.2' म्हणाला याची नोंद कुठेच नव्हती. म्हणून कंपनीचं पत्र आलं की त्याच दिवशी जपून ठेवा, प्रिंट काढा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी विचारा: माझी नेमकी कोणती माहिती गेली, कधी गेली, तुम्ही काय केलंत? उत्तर नाही आलं तर तेही तुमच्या उपयोगाचं. त्यानंतर येणारा प्रत्येक संशयास्पद फोन वहीत लिहा, तारीख, वेळ, नंबर, आणि त्याला तुमच्याबद्दल काय काय माहीत होतं ते. ज्या मोबाइलवर मेसेज आला तो मोबाइल विकू नका. स्क्रीनशॉट कोर्टात द्यायचा तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. हे काम पैसे जायच्या आधीचं आहे. नंतर आठवून लिहिलेल्या वहीला कोर्टात फार किंमत नसते.

स्वतःच्या बचावाचं थोडक्यात. सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर जाऊन आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघा. चारही पतसंस्था... पतसंस्था नव्हे हो, आपल्या गल्लीतल्या पतपेढ्या डोळ्यांसमोर आणू नका, क्रेडिट रिपोर्ट देणाऱ्या चारही कंपन्या वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट देतात. चौघींना वेगवेगळ्या महिन्यांत मागा, म्हणजे वर्षभर नजर राहते. न घेतलेलं कर्ज दिसलं तर हरकत घ्या. 30 दिवसांत निकाल लावला नाही तर दर दिवसाला 100 रुपये तुम्हाला भरपाई मिळते.

इथे मागच्या रांगेतून एका आजोबांनी विचारलं, 'मग आधार कुणाला द्यायचंच नाही का?'

द्या, पण शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. आणि आधारमधलं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करा, कारण काही राज्यांत खरेदीखतांवरच्या अंगठ्यांचे नकली ठसे करून खात्यांतून पैसे काढलेत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी तेवढ्यापुरतं उघडायचं. सोसायटीचे पदाधिकारी इथे बसलेत म्हणून बोलते: भाडेकरूंच्या आधारच्या झेरॉक्स ऑफिसच्या उघड्या कपाटात असतात. नवा कायदा कागदाला लागू नाही, पण त्या स्कॅन करून संगणकात टाकल्यात की तुम्हीही त्या 250 कोटींच्या कलमात आलात. (हशा) हसू नका, सेक्रेटरी हसत नाहीयेत.

एका ताईंचा प्रश्न होता: पैसे गेले नाहीत, नुसती माहिती गेली, तरी पोलिसांत जावं का? जा. 'काही झालं तर या' असं तिथे म्हणतीलही. तरी साधा अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. उद्या तुमच्या नावावर कुणी कर्ज काढलं तर त्या शिक्क्याची तारीख तुमच्या बाजूने बोलेल.

आठ वाजता हॉल रिकामा करायचाय, असं ग्रंथपाल खुणावतायत. आधारला जोडलेला मोबाइल ज्यांच्याजवळ असेल त्यांनी पुढे या. दहा मिनिटं आहेत, बायोमेट्रिक लॉक इथेच करू. ओटीपी येईल, तो मला सांगू नका, स्वतःच टाका.