माळ्यावरचा स्टिरिओ, दहा हजारांच्या आत

[रामबागेतील एका जुन्या घराचा माळा. चादरीत गुंडाळलेली दोन लाकडी खोकी शिडीवरून खाली येत आहेत.]

इंदूरच्या रामबाग, टिळकनगर, लोकमान्यनगर या वस्त्यांमधल्या मराठी घरांत १९८० च्या दशकात ज्यांनी हौसेने स्टिरिओ घेतला, त्यांतल्या पुष्कळांनी तो पुढे विकलाही नाही आणि वाजवलाही नाही. मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते आणि लग्नकार्ये यांत छंद मागे पडला, गाणी मोबाइलमध्ये गेली आणि अँप्लिफायर-स्पीकर माळ्यावर गेले. या घरातले काका गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना तो छंद पुन्हा सुरू करायचा आहे आणि त्यासाठी निवृत्तिवेतनातून बाजूला पडलेली रक्कम दहा हजार रुपये आहे. काकूंची अट एवढीच आहे, "अहो, हौस करा, पण मुदत ठेवीला हात लावायचा नाही."

या रकमेत आज दुकानातून नवा अँप्लिफायर आणि नवे स्पीकर अशी ऐकण्याजोगी जोडी मिळणे कठीण आहे. मिळतो तो एखादा ब्लूटूथचा डबा, ज्यात डावा आणि उजवा स्पीकर वीतभर अंतरावर असल्याने स्टिरिओ नावापुरताच उरतो. म्हणून काकांनी आधी माळ्यावरून उतरलेल्या सामानातले नेमके काय संपले आहे आणि काय शाबूत आहे, हे पाहायचे ठरवले. ट्रान्सफॉर्मरमधले तांबे, स्पीकरमागचे लोहचुंबक, लाकडी पेटी आणि बहुतेक ट्रान्झिस्टर चाळीस वर्षांनीही आपले काम करतात. भुगा होतो तो फोमचा, कडक होते ते रबर, वाळते ते वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमधले इलेक्ट्रोलाइट नावाचे द्रावण आणि काळवंडतात ते बटणांमागचे संपर्क. हे सगळे भाग स्वस्त आहेत. जुना संच भंगारात काढणारा माणूस बहुधा काहीशे रुपयांच्या नाशवंत भागापायी उत्तम तांबे आणि चुंबक किलोच्या भावाने देऊन टाकतो.

[सिरीज बोर्ड. होल्डरमध्ये पिवळ्या प्रकाशाचा जुना दिवा.]

वर्षानुवर्षे बंद असलेला अँप्लिफायर थेट प्लगला लावू नये. काकांनी एका इलेक्ट्रिशियनकडून सिरीज बोर्ड आणला, म्हणजे ज्यात १०० वॅटचा दिवा अँप्लिफायरच्या वाटेतच जोडलेला असतो असा फळा. यासाठी तारेचा, तापणारा दिवा लागतो. एलईडी येथे उपयोगाचा नाही. आत कुठे शॉर्ट असेल, तर सगळा दाब दिव्यावर येऊन तो लख्ख पेटतो आणि अँप्लिफायर जळण्यापासून वाचतो. सर्व ठीक असेल, तर रिकामे कपॅसिटर भरताना दिवा क्षणभर उजळतो आणि मग मंद होतो. येथे तो मंद झाला. वाचवलेल्या यंत्राच्या मानाने या दिव्याची किंमत इतकी कमी आहे, की जुन्या सामानाची आवड असलेल्या प्रत्येक घरात असा एक फळा असायला हवा, असे आम्हांला वाटते.

दिवा मंद झाला, पण स्पीकरमधून घुमणारा एक स्थिर आवाज येऊ लागला. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे आणि अँप्लिफायर तिचे एकदिश विजेत रूपांतर करतो, तेव्हा तिच्यात १०० हर्ट्झची लहर उरते. ती गाळण्याचे काम मोठे फिल्टर कपॅसिटर करतात. ते वाळले, की १०० हर्ट्झची घुमी ऐकू येते. अर्थिंगच्या किंवा खराब जोडतारेच्या दोषातून येणारी घुमी बहुधा ५० हर्ट्झची, म्हणजे बरोबर एक सप्तक खालची असते. काकांनी हार्मोनियम काढली. १०० हर्ट्झचा स्वर खर्जातल्या पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध, किंचित पांढरी पाचकडे झुकलेला बसतो, आणि घुमी तेथेच होती. त्यामुळे कपॅसिटर बदलायचे हे दुकानात जाण्यापूर्वीच ठरले.

[महाराणी रोड. सुट्या भागांची दुकाने, काउंटरवर उघडा अँप्लिफायर.]

महाराणी रोडवरच्या कारागिराने झाकण उघडले, ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून पाहिले आणि इंदुरी पद्धतीने निकाल दिला, "माट्साब, ट्रांसफॉर्मर अच्छा है तो समझो सब अच्छा है." त्याने ४७०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचे जुने कपॅसिटर काढून त्याच मापाचे नवे लावले, मात्र ८५ अंशांऐवजी १०५ अंश तापमान सोसणारे घेतले, कारण माळव्याच्या मे महिन्यात बंद कपाटातला अँप्लिफायर मुळातच तापलेला असतो. आवाज कमी-जास्त करताना येणारी खरखर संपर्क साफ करण्याच्या फवाऱ्याने गेली. नळीने फवारा आत मारून बटण अनेकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवणे, एवढेच ते काम आहे. भाग आणि मजुरी मिळून खर्च हजार रुपयांच्या थोडा वर गेला. ट्रान्सफॉर्मरच जळालेला असता तर हिशेब वेगळा झाला असता. मग टीपीए ३११६ सारख्या चिपवर चालणारा चिमुकला, कमी तापणारा क्लास डी अँप्लिफायर घेऊन जुन्या स्पीकरना जोडणे स्वस्त पडले असते.

[स्पीकरचा कागदी शंकू. कडेचा फोम बोट लागताच चुरा होऊन पडतो.]

खरे काम स्पीकरांचे होते. आठ इंची वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कागदी शंकूला बाहेरच्या चौकटीशी जोडणारी लवचीक कड पॉलियुरेथेन फोमची असते, आणि हवा व दमटपणा यांनी तो फोम पंधरा-वीस वर्षांत सडतो. रबरी किंवा कापडी कड असलेले स्पीकर अधिक टिकतात, आणि जुने स्पीकर विकत घेणाऱ्याने सर्वांत आधी जाळी काढून हीच कड पाहावी. फोम गेला म्हणजे स्पीकर गेला, असा मात्र सर्वसाधारण गैरसमज आहे. योग्य मापाची फोमची नवी रिंग मिळते. काकांनी जुन्या फोमचा चिकट चुरा स्पिरिटने पुसून काढला. नवी रिंग चिकटवताना शंकू अगदी मध्यावर राहणे महत्त्वाचे असते, कारण त्याच्यामागची तारेची गुंडाळी चुंबकाच्या इतक्या अरुंद फटीत हलते, की केसभर सरकली तरी घासून कर्कश आवाज करते. त्यासाठी काकांनी मधली गोल टोपी ब्लेडने कापून काढली, जुन्या एक्स-रे फिल्मच्या अरुंद पट्ट्या कापून त्या फटीत चारही बाजूंनी सरकवल्या, मग डिंक लावला आणि तो पूर्ण वाळल्यावरच पट्ट्या काढून टोपी पुन्हा चिकटवली. त्यानंतर शंकू दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाबून कान जवळ नेला. घासण्याचा बारीकसा आवाजही आला नाही.

दोन्ही स्पीकर एकाच दिशेने हलतात ना, हे पाहण्यासाठी दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. सेलचे धन टोक लाल खुणेला क्षणभर टेकवले, की शंकू बाहेर यायला हवा. एक स्पीकर बाहेर आणि दुसरा आत जात असेल, तर दोघांचा खर्ज एकमेकाला खातो आणि नव्या स्पीकरांचा मोह अकारण होतो.

अँप्लिफायर प्रत्येक बाजूला अवघा २५ वॅटचा आहे. ज्यांच्या डोळ्यांसमोर १९९० च्या दशकातल्या म्युझिक सिस्टिमवरचे हजारो वॅटचे पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, आकडे आहेत, त्यांना हा आकडा केविलवाणा वाटेल. पण ते आकडे जाहिरातीसाठी होते आणि आमच्या मते त्यांनी एका अख्ख्या पिढीचा अंदाज बिघडवला. वॅट दुप्पट केले तर आवाजात फक्त ३ डेसिबलची भर पडते, आणि आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. याउलट, ८४ डेसिबल संवेदनशीलतेच्या (तेवढ्याच वॅटमध्ये किती मोठा आवाज निघतो, त्याचे हे माप) स्पीकरऐवजी ९० डेसिबलचा लावला, तर चौपट ताकदीचा अँप्लिफायर घेतल्यासारखेच होते. जुन्या मोठ्या पेट्या बहुधा या बाबतीत उदार असतात.

तारांसाठी काकांनी इलेक्ट्रिकच्या दुकानातली १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली. पाच मीटर अंतरापर्यंत जाऊन येणाऱ्या अशा तारेचा रोध ०.१३ ओहमच्या आसपास असतो आणि ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. गाणी मोबाइलमधूनच येतात, मध्ये मोबाइल अँप्लिफायरला जोडणारा एक साधा डॉंगल आहे, आणि या टप्प्यावर अधिक पैसे घालण्यात अर्थ नाही.

[दिवाणखाना. काका मोजपट्टी धरून उभे, काकू सोफ्याच्या टोकाशी.]

सर्वांत मोठा फरक मात्र एकही रुपया न खर्चता पडला. दिवाणखाना पंधरा फूट लांब आहे, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे आणि तेथे बसले, की तबल्याचा बाया नुसता गुमगुमत होता. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर या लांबीत ७५ हर्ट्झच्या स्वराची एक पूर्ण लहर बसते. तो स्वर भिंतीलगत फुगतो आणि भिंतीपासून लांबीच्या पावभाग अंतरावर, म्हणजे पावणेचार फुटांवर, जवळजवळ नाहीसा होतो. काकांनी हे गणित वहीत मांडले आणि सोफा तेवढा पुढे ओढला. बाया मोकळा झाला, मनगटाचा घिस्सा वेगळा ऐकू येऊ लागला. स्पीकर कोपऱ्यांतून बाहेर काढून, दोघांमधले अंतर आणि ऐकणाऱ्यापर्यंतचे अंतर सारखे ठेवून, ट्विटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारे छोटे स्पीकर, कानाच्या उंचीवर आणले, तेव्हा गायक दोन पेट्यांच्या मधोमध उभा राहिला. फरशीवर सतरंजी आली, कारण गुळगुळीत टाइल्स आणि उघड्या भिंतींच्या खोलीत टाळी वाजवली तर तिच्यामागे झणझणाट ऐकू येतो. सतरंजी आणि पडदे वरचे स्वर शोषतात. खर्जाला मात्र त्यांचा उपयोग नाही, तेथे जागाच बदलावी लागते. काकूंनी सोफा सुटीच्या दिवशी पुढे आणि एरवी मागे, असा तोडगा काढला आहे.

पारखण्यासाठी या गावात उस्ताद अमीर खाँ यांच्यापेक्षा वेगळे काय लावणार? त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात सारंगीवादक होते आणि खाँसाहेब इंदूरमध्येच वाढले. त्यांची अतिविलंबित झुमरा तालातली बढत मंद्र सप्तकात मुक्काम करते, आणि स्वस्त स्पीकर नेमका तेथेच उघडा पडतो. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झचा, मंद्र पंचम १०४ चा आणि मंद्र षड्ज ६९ चा होतो. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून यांपैकी मूळ स्वर जवळजवळ येतच नाही. वरच्या उपस्वरांवरून मेंदू तो भरून काढतो, म्हणून इतकी वर्षे काही गमावल्याचे लक्षातही येत नाही. आठ इंची शंकूतून तो छातीला जाणवतो.

[तबकडीवादक. फिरत्या तबकडीवर रेघांची कागदी चकती.]

आतापर्यंत पावणेचार हजार रुपये गेले आहेत. उरलेले तबकडीवादकासाठी आहेत. अँप्लिफायरला मुळातच फोनोची वेगळी जोडणी असल्याने एक खर्च वाचला. सुई धरणाऱ्या चुंबकी कार्ट्रिजमधून अवघे काही मिलिव्होल्ट येतात आणि एलपी कापताना खर्ज मुद्दाम कमी व वरचे स्वर जास्त ठेवलेले असतात. फोनोची जोडणी हे मिलिव्होल्ट वाढवते आणि स्वरांचा तो फेरफार उलट फिरवून पूर्ववत करते. सुई नवी लागेल, कारण झिजलेली सुई स्वतःबरोबर तबकडीही खाते. गती तपासण्यासाठी काकांनी १८० रेघांची चकती छापून घेतली आहे, जी सेकंदाला शंभरदा लुकलुकणाऱ्या जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटखाली मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांना स्थिर दिसायला हवी. सध्या रेघा मागे सरकत आहेत, म्हणजे तबकडी मंद फिरते आहे. गती सहा टक्क्यांनी उतरली तर काळी एकचा षड्ज पांढरी एकवर येतो. जुना बेल्ट ताणून सैल झाला आहे, आणि नव्याचे माप दोऱ्याने घेऊन काका उद्या पुन्हा महाराणी रोडला जाणार आहेत.