प्लेटलेट किती झाल्या?

नमस्कार मंडळी, शहराच्या पूर्व भागात डेंग्यूवर बोला म्हणून बोलवलंत, पण मी आज डासांवर कमी आणि प्लेटलेटवर जास्त बोलणार आहे, कारण पावसाळा लागला की वॉर्डाच्या दारात मला एकच प्रश्न असतो, डॉक्टर, प्लेटलेट किती झाल्या? पेशंट कसा आहे हे कोण विचारतच नाय!

तर प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या बारीक पेशी, त्या हाडाच्या मगजात तयार होतात, आठ-दहा दिवस जगतात, आणि कुठं कापलं की तिथं जाऊन बूच मारतात. नॉर्मल आकडा दीड लाख ते साडेचार लाख. आता रिपोर्टवर 60,000 दिसले की घरच्यांचे हातपाय गळतात, लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, डोनर पाहिजे अर्जंट. अहो थांबा की. रक्तस्राव नसेल तर साधारण 10,000 च्या खाली गेल्याशिवाय डेंग्यूत प्लेटलेटची बाटली चढवायची गरज सहसा पडत नाय, आणि चढवलेल्या पेशीपण फार टिकत नायत.

खरा धोका वेगळाच आहे, रक्तातलं पाणी नसांतून बाहेर झिरपतं, आणि ते कधी, तर ताप उतरताना. घरी सगळे खूश, पोरगं बरं झालं म्हणून डिस्चार्जच्या मागं लागलेले, आणि नेमके तेच 24 ते 48 तास जपायचे असतात. नंतर प्लेटलेट आपोआप वर येतात आणि श्रेय जातं पपईच्या पानाला न् किवीला.

कमी आकडा म्हणजे डेंग्यूच असंही नाय हां. एक मावशी आल्या, रिपोर्टला 28,000, अंगावर एक लाल ठिपका नाय, सकाळी दहा जणांच्या भाकऱ्या थापून आलेल्या. काचपट्टीवर रक्त पाहिलं तर प्लेटलेटचे गठ्ठे, रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेल्या औषधामुळं चिकटलेल्या, मशीनला मोजताच आल्या नाहीत. दुसऱ्या नळीत घेतलं, 1,90,000! आयटीपी म्हणून एक आजार मात्र खरा, त्यात शरीरच स्वतःच्या प्लेटलेट मारतं, तिथं स्टेरॉइडपासून सुरुवात करतात, पण आकडा बरा असेल न् रक्त जात नसेल तर नुसतं लक्ष ठेवूनही चालतं.

आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, म्हणून जिन्याखाली बॅरल भरलेलंच. नुसतं ओतून उपयोग नाय, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडी पण महिनोन्महिने टिकतात, आठवड्यातून एकदा काथ्यानं घासायचं. आणि तापात अंगदुखीची गोळी मेडिकलमधून मनानं आणू नका, पॅरासिटामॉल सोडून बाकीच्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

मघाशी एका काकांनी विचारलं, मग आम्ही विचारायचं तरी काय? काका, विचारा, पोट दुखतंय का, उलट्या थांबल्या का, हिरड्यातून रक्त येतंय का, हातपाय गार पडलेत का, आणि गेल्या सहा तासात लघवी झाली का. झाली नसेल तर रात्रीचे दोन वाजले तरी उठवा मला.