डबा कसाही चालेल, भोक नाही

अध्यक्षांनी प्रास्ताविकात पिनहोलच्या, म्हणजे भिंगाऐवजी नुसतं बारीक भोक असलेल्या कॅमेऱ्याच्या, फोटोंबद्दल फार प्रेमाने सांगितलं. ते कसे धूसर, मऊ, स्वप्नातल्यासारखे असतात, वगैरे. त्यांचा मी मनापासून आभारी आहे, पण आज मी आलोय तो नेमका हा धूसरपणाच खोडून काढायला. पत्रिकेत विषय ‘घरच्या डब्याचा कॅमेरा आणि एक्स्पोजरचं गणित’ असा छापलाय. एक्स्पोजर म्हणजे कागदावर किती वेळ उजेड पडू द्यायचा ते; त्या गणिताकडे मी येणार आहे. पण आधी भोकाबद्दल बोलू द्या, कारण भोक चुकलं तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

पिनहोलच्या प्रदर्शनात हमखास असं चार-दोन ठिकाणी दिसतं: चित्रात झाड कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही, आणि खाली लिहिलेलं असतं की हेच या माध्यमाचं सौंदर्य. मला याचा मनस्वी राग येतो. जाड पत्र्याला खिळा ठोकायचा, त्यातून जे येईल ते यायचं आणि त्याला माध्यमाचा स्वभाव म्हणायचं! नीट पाडलेल्या भोकाने 4 बाय 5 इंचाची निगेटिव्ह घ्या, तिची कॉन्टॅक्ट प्रिंट काढा, म्हणजे ती फोटोच्या कागदाला चिकटवून तेवढ्याच मापाचं चित्र काढा. वडाच्या पारंब्या एकेक करून मोजता येतात. भिंगाच्या कॅमेऱ्याची धार तिला नसते, हे मान्य. पण धार थोडी कमी असणं वेगळं आणि चित्र विस्कटणं वेगळं.

शाळेत आपण सगळ्यांनी पुठ्ठ्याचा डबा केलेला असतो. एका बाजूला भोक, दुसऱ्या बाजूला बटर पेपर, समोर मेणबत्ती. ज्योत उलटी दिसली, वहीत आकृती काढली, डबा माळ्यावर गेला. बटर पेपरच्या जागी फोटोचा कागद लावून बघू या, असं किती जणांना सुचू दिलं गेलं? हात वर करा बरं. हं, मागच्या रांगेत एक आजी आहेत. आजी, चहाच्या वेळी मला भेटल्याशिवाय जाऊ नका.

ज्यांचं लहानपण कौलारू घरात गेलं त्यांनी तर पिनहोल रोज पाहिलेलं आहे. कौल सरकलं की फट पडते. ती कधी तिरकी, कधी तिकोनी, पण जमिनीवर पडणारा कवडसा गोल. का? कारण तो फटीचा आकार नाहीच, ती सूर्याची प्रतिमा आहे. फटीपासून जमीन जितकी लांब, त्याच्या साधारण एकशेआठाव्या भागाइतका तो रुंद. छप्पर सव्वातीन मीटरवर असेल तर तीन सेंटिमीटर. खंडग्रास ग्रहणात घरातले सगळे कवडसे एकदम चंद्रकोरीच्या आकाराचे होतात, झाडाखालचेसुद्धा.

आता हंपीचं सांगतो. विषयांतर वाटेल, पण ते विषयांतर नाही. विरूपाक्ष मंदिराच्या मागच्या अंगाला एक अंधारी जागा आहे. तिथल्या भिंतीवर पूर्वेच्या नऊ मजली राजगोपुराची उलटी सावली पडते. सावली म्हणतात, खरं तर ती प्रतिमा. गोपूर जवळजवळ पन्नास मीटर उंच, आणि भिंतीवर ते शेंडा खाली करून उभं. मी गेलो तेव्हा तिथले वाटाडे काका एका कुटुंबाला हा चमत्कार असल्याचं सांगत होते. मी त्यांना म्हटलं, काका, एक गंमत करू का? पिशवीतला पांढरा कागद काढला, भिंतीसमोर धरला आणि हळूहळू भोकाकडे सरकत गेलो. गोपूर लहान होत गेलं आणि उजळही. त्या कुटुंबातल्या मुलीने कागद माझ्या हातातून घेतला आणि ती मागे-पुढे चालत बसली. गोपूर मोठं, गोपूर लहान. काका दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे भिंत जिथे असेल तिथे गोपूर येणारच?” येणारच! प्रतिमा भोकामागे सगळीकडे आहे, कागद धराल तिथे ती दिसते. पिनहोलमध्ये फोकस करणं नावाचा प्रकार नाही, तो याचसाठी. हातभरावरचा गडू आणि समोरचा डोंगर सारखेच स्पष्ट. यानंतर काकांनी पुढच्या घोळक्यासाठी माझ्याकडून तो कागद मागून घेतला. चमत्कार आहे असंच सांगत राहिले, पण आता कागद हलवून.

तर भोक. मोठं असेल तर समोरचा प्रत्येक बिंदू कागदावर ठिपका होऊन पसरतो. मग बारीक करत जावं, असं वाटतं. पण फार बारीक केलं की प्रकाश कडेवरून वाकून पसरतो आणि चित्र पुन्हा बिघडतं. मधली एक जागा असते. गणितज्ञ पेट्झवालने 1857 मध्ये तिचा विचार केला, भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेने 1891 मध्ये पक्का हिशेब दिला. डब्याची खोली, म्हणजे भोकापासून कागदापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये घ्या, 0.00055 ने (ही प्रकाशाची तरंगलांबी) गुणा, वर्गमूळ काढा, 1.9 ने गुणा. खोली 100 मिलिमीटर असेल तर भोक 0.45 मिलिमीटर. 50 असेल तर 0.32, 200 असेल तर 0.63. खोली दुप्पट झाली तरी भोक दुप्पट होत नाही, हे लक्षात ठेवा.

पाडायचं कसं? कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा घ्या, तो साधारण 0.1 मिलिमीटर जाड असतो. फिटर लोक वापरतात ती पितळी शिम, म्हणजे पातळ पट्टी, मिळाली तर उत्तम, 0.05 ची. दोन इंचाचा तुकडा जाड पुठ्ठ्यावर ठेवा आणि शिवणाच्या बारीक सुईने दाबा. आरपार नाही! फक्त खड्डा पडू द्या. तुकडा उलटा करा. मागे जो उंचवटा आलाय तो रंगाऱ्याकडच्या बारीक वॉटर पेपरने, सहाशे नंबरच्या वगैरे, पाण्यात भिजवून घासा. परत सुलटा करा, परत दाबा, परत घासा. दोन-तीन फेऱ्यांत त्या जागी पत्रा इतका पातळ होतो की सुईचं टोक आपणहून पलीकडे निघतं. मग सुई बोटांत फिरवत भोक हळूहळू हवं तेवढं मोठं करा. एवढं सगळं कशासाठी? भोकाची कड जाड राहिली तर ते भोक राहत नाही, बोगदा होतो. तिरका प्रकाश अडतो, कोपरे काळे पडतात. कडेला धातूची कूस, म्हणजे खरखरीत टोकं, राहिली तर तिच्यावरून प्रकाश इकडेतिकडे उडतो. तोच तुमचा स्वप्नाळू धूसरपणा.

आणि मोजा. अंदाजावर जाऊ नका. फ्लॅटबेड स्कॅनरवर 2400 डीपीआयला, म्हणजे इंचाला 2400 पिक्सेल, स्कॅन करा, भोकाच्या रुंदीचे पिक्सेल मोजा. अडतीस पिक्सेल म्हणजे 0.4 मिलिमीटर. गोल आहे का, कड स्वच्छ आहे का, तेही तिथेच दिसतं. नसेल तर टाकून द्या, पत्रा फुकट आहे.

डब्यासाठी मी वेळ घालवणार नाही. बिस्किटांचा, चहाचा, दूध पावडरचा, झाकण घट्ट बसणारा कुठलाही घ्या. आतून मॅट काळा रंग. शटर म्हणजे वायरमनची काळी चिकटपट्टी. वर दगड ठेवा, वाऱ्याने हलला तर सगळी मेहनत गेली. गोल डब्यात कागद आतून वळवून लावला की दृश्य खूप रुंद येतं.

कागदाचं दुखणं मात्र आहे. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद आता नाही. तो कारखाना बंद पडला याचं मला आजही वाईट वाटतं. बाहेरचा कागद महाग पडतो. एक्स-रेची फिल्म मिळाली तर ती स्वस्त पडते आणि कागदापेक्षा कितीतरी जलद असते. फक्त तिला बहुधा दोन्ही बाजूंनी लेप असतो, लगेच ओरखडते.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. तरी सूर्याच्या वाटेच्या फोटोबद्दल सांगतोच, कारण त्याच्या सूचना सगळीकडे युरोपच्या मापाने लिहिलेल्या असतात. कॅनमध्ये फोटोचा कागद, भोक आभाळाकडे, आणि महिनोन्‌महिने तसाच. कागद धुवायचाच नाही, उन्हाने आपोआप काळा पडतो. इंग्लंडमध्ये बेफर्डबरी वेधशाळेत 2012 मध्ये एका विद्यार्थिनीने लावलेला बिअरचा कॅन 2020 मध्ये सापडला, त्यात आठ वर्षांच्या सूर्यरेषा होत्या. तिकडचे लोक सांगतात, दक्षिणेकडे तोंड करा. तिकडे सूर्य खाली असतो. पुण्यात डिसेंबरातही दुपारचा सूर्य 48 अंशांवर, मेच्या मध्यावर थेट डोक्यावर, नंतर चक्क उत्तरेला. दक्षिणेकडे बघणाऱ्या कॅनला उन्हाळ्यातली दुपार दिसणारच नाही. आपण पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करावं, सूर्य जवळजवळ सरळ चढतो-उतरतो, त्या रेषा छान येतात. 22 डिसेंबरला लावा, मृगाच्या आधी काढा. पावसाळी दमटपणात कागदाला बुरशी येते. 7 जूनपासून 21 जूनपर्यंत सूर्य जेमतेम पाऊण अंश सरकतो, काही गमावत नाही. काढल्यावर एकदाच स्कॅन करा, स्कॅनरच्या दिव्यानेही तो काळवंडतो.

आता गणित, पळत पळत. खोली 100 भागिले भोक 0.45, म्हणजे f/220 च्या आसपास; खोली भोकाच्या किती पट, तो हा f चा आकडा. कडक उन्हात f/16 ला वेळ असते एक भागिले आयएसओ सेकंद; आयएसओ म्हणजे फिल्म किंवा कागद उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा. कागदाचा आयएसओ सहा धरा, म्हणजे एक षष्ठांश सेकंद. 220 भागिले 16, त्याचा वर्ग, साधारण 190. गुणिले एक षष्ठांश. अर्धा मिनिट. ढगाळ असेल तर दोन मिनिटं, मोकळ्या सावलीत चार. आयएसओ 100 ची फिल्म असेल तर उन्हात दोन सेकंद येतात, थोडी जास्तच द्या, कारण लांब वेळेला फिल्म मंदावते. कागदाला लाल दिसत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळच्या तांबूस उजेडात वेळ हिशेबापेक्षा वाढवा. जांभा दगड काळा येतो, आभाळ पांढरं. चित्रातलं काळं-पांढरं फार कडक येत असेल तर डब्यात घालण्याआधी कागदाला अगदी मंद उजेडाची एक झलक द्या.

कागद धुणं लाल दिव्याखाली. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, नसेल तर लिटरभर पाण्यात धुण्याचा निर्जल सोडा 54 ग्रॅम, क जीवनसत्त्वाची पूड 16, इन्स्टंट कॉफी 40. वास सहन करा. चित्र पक्कं करणाऱ्या हायपोला मात्र पर्याय शोधू नका, तो लागतोच. मग प्लास्टिकचा लेप असलेल्या कागदाला वाहत्या पाण्यात चार-पाच मिनिटं पुरतात. वाळल्यावर हा निगेटिव्ह कागद फोटोच्या कोऱ्या कागदावर चित्राची बाजू खाली करून ठेवायचा, वर काच, काही सेकंद दिवा, ही झाली कॉन्टॅक्ट प्रिंट.

बाहेर टेबलावर पत्र्याचे तुकडे, सुया आणि वॉटर पेपर ठेवलेत. स्कॅनर मी घेऊन आलोय. भोक पाडा, माझ्याकडे आणा, मोजून देतो, आणि मग चहा घ्या.