नोटीस कुणाला पाठवायची?

नमस्कार श्रोतेहो.

परवाना म्हटला की त्याला मुदत असते. मुदत संपली की नूतनीकरण, अधूनमधून तपासणी, चूक सापडली तर नोटीस. आज ज्या परवान्याविषयी बोलणार आहे, त्यातली चूक उघडकीला येईल तेव्हा नोटीस घ्यायला कंपनी उरलेली नसेल आणि पाठवायला कार्यालयही नसेल. नोटिशीची भाषा तरी कुणाला वाचता येईल की नाही, कोण जाणे.

अणुभट्टीतून निघालेले वापरलेले इंधन जमिनीखाली खोल, कायमचे पुरून टाकण्याचा हा परवाना. त्या इंधनातल्या प्लुटोनियम-239 चे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे द्रव्य विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे 24,000 वर्षांचा. आयोडीन-129 चे तर दीड कोटी वर्षांहून जास्त, आणि हे आयोडीन पाण्याबरोबर सहज वाहत जाते. मग नियामकाने हमी मागायची तरी किती वर्षांची?

हा प्रश्न अमेरिकेत चक्क कोर्टात गेला. नेवाडा राज्यातल्या युक्का पर्वताखाली असे इंधन पुरायचा बेत होता; त्यासाठी तिथल्या पर्यावरण संस्थेने 2001 मध्ये 10,000 वर्षांची मर्यादा घातली होती. आकडा गोल, कागदावर शोभणारा. पण राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 1995 मध्येच सांगून ठेवले होते की सर्वांत मोठा धोका त्याच्या कितीतरी नंतर येऊ शकतो, आणि तिथला खडक दहा लाख वर्षांच्या हिशेबाइतका स्थिर आहे. नियम अकादमीच्या निष्कर्षांशी सुसंगत हवेत, असे कायदाच म्हणत होता. 2004 मध्ये कोर्टाने ती मर्यादा रद्द केली. 2008 मध्ये नवा नियम आला. माणसाला मिळणाऱ्या किरणोत्साराची मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात; ती पहिली 10,000 वर्षे वर्षाला जास्तीत जास्त 0.15 मिलिसिव्हर्ट, त्यापुढे दहा लाख वर्षांपर्यंत 1 मिलिसिव्हर्ट. निसर्गातून आपल्याला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट दरवर्षी मिळतातच, तेव्हा दोन्ही मर्यादा कडकच म्हणायच्या. पुढे तो प्रकल्पच राजकारणात अडकला, तो भाग वेगळा.

मला खटकते ते दुसरेच. तीन लाख वर्षांनी तिथे राहणारा माणूस काय खाईल, विहीर कुठे खणेल, हे गृहीत धरल्याशिवाय त्याच्या वाट्याचे मिलिसिव्हर्ट काढताच येत नाहीत. फिनलंडच्या नियामकाने इथे शहाणपणा दाखवला, असे माझे मत. पहिल्या काही हजार वर्षांसाठी माणसाला मिळणाऱ्या मात्रेचा हिशेब. त्यानंतर माणसाला हिशेबातून वगळायचे आणि खडकातून कोणते किरणोत्सारी द्रव्य वर्षाला किती बाहेर पडले तर चालेल, एवढेच ठरवायचे. ज्याच्याविषयी थोडेफार खात्रीने बोलता येते, तो खडक आहे.

तिथल्या ओंकालो या भुयाराला 2015 मध्ये बांधकामाचा परवाना मिळाला. सव्वाचारशे मीटरच्या आसपास खोली. इंधन आधी बिडाच्या साच्यात, त्यावर जाड तांब्याचा डबा, डब्याभोवती बेंटोनाइट. ही माती पाणी लागले की फुगते आणि फट स्वतःच बुजवते. एक अडसर ढासळला तरी बाकीचे टिकले पाहिजेत, ही अट. कंपनीने नुसते ‘सुरक्षित आहे’ म्हणून भागत नाही. डबा फुटला तर काय, हिमयुग आले तर काय, उद्या कुणी अजाणता तिथेच बोअर मारली तर काय, हे तिनेच मांडायचे आणि नियामकाने त्यात खुसपटे काढायची. या कामात खुसपटे काढणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

स्वीडनमध्ये हेच घडले. डबा तोच, तांब्याचा. जानेवारी 2018 मध्ये तिथल्या किरणोत्सार नियामकाने प्रकल्पाला अनुकूल मत दिले, आणि त्याच दिवशी पर्यावरण कोर्टाने सरकारला कळवले की तांबे गंजणार नाही याचे आणखी पुरावे हवेत. सरकारची मंजुरी यायला 2022 चा जानेवारी उजाडला. चार वर्षे गेली म्हणून कुरकुर झाली असेल. दहा लाख वर्षांच्या कामात चार वर्षे!

आता जरा जमिनीवर येऊ. न्यू मेक्सिकोत मिठाच्या थरात, साडेसहाशे मीटर खाली, 1999 पासून लष्करी अणुकचरा पुरतात. या जागेला 10,000 वर्षांचा नियम आहे. फेब्रुवारी 2014 मध्ये तिथले एक पिंप फुटले. कारण? नायट्रेट क्षार असलेल्या कचऱ्यातले पाणी शोषून घ्यायला मांजरांच्या शौचपेटीत घालतात तो चुरा वापरत. तो खनिजाचा असायला हवा होता. भरला गेला गव्हापासून केलेला. क्षार आणि सेंद्रिय पदार्थ यांची रासायनिक क्रिया होऊन पिंप तापले. जागा जवळजवळ तीन वर्षे बंद राहिली. हिमयुगाचा विचार झाला होता, पण पिंपात प्रत्यक्ष काय पडते आहे हे पाहणारा डोळा कमी पडला.

आणि जर्मनीतली आसे ही मिठाची जुनी खाण. 1967 ते 1978 या काळात तिथे सुमारे 1,26,000 पिंपे उतरवली गेली, तीही ‘संशोधन’ या नावाखाली आणि खाणकामाच्या कायद्याने. अणुकायद्याखाली ती खाण आली 2009 मध्ये. तोवर पाणी आत शिरून वीस वर्षे उलटली होती. पिंपे परत वर काढायची, असा कायदा 2013 मध्ये झाला. पण भिंती कमकुवत झालेल्या, काही कप्पे बंद करून टाकलेले, त्यामुळे नुसती तयारीच वर्षानुवर्षे चालली आहे. तोवर दिवसाला सुमारे 12 घनमीटर खारे पाणी खाणीत झिरपते, आणि ते गोळा करून वर आणायला रोज माणसे खाली उतरतात.