सारखे दिसतात, सोयरे नसतात

(दृश्य: काळा फळा. खडू धरलेला हात 'काम' हा शब्द दोनदा लिहितो.)

फळ्यावर एकच शब्द दोनदा लिहिलाय, असं वाटतं ना? हे दोन वेगळे शब्द आहेत. एक, आपण रोज उरकतो ते काम. दुसरा, काम-क्रोधातला काम. हा दुसरा संस्कृतातून जसाच्या तसा आला, इच्छा या अर्थाने. पहिला मात्र फार लांबून चालत आलाय.

त्याची वाट खडूने आखून दाखवतो. कर्म. यातलं 'र्म' प्राकृतात 'म्म' झालं: कम्म. पुढे एक म गळाला, आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. काम.

(दृश्य: बोलणारे ओठ, अगदी जवळून. कर्म... कम्म... काम.)

हे ओठ सावकाश बघा. 'कर्म' म्हणताना जीभ वर उचलते आणि लगेच ओठ मिटतात. 'कम्म' म्हणताना जिभेचा तो फेरा वाचतो. एवढीशी बचत, पण ती एका शब्दापुरती राहिली नाही. चर्म, चम्म, चाम. पर्ण, पण्ण, पान. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. ध्वनी बदलतात ते असे रांगेने. (झाडाचं पान या रांगेतलं. मद्यपानातलं 'पान' पिण्याचं, त्याचा या पानाशी काही संबंध नाही.) शब्दाचं कूळ शोधायचं तर या रांगेचा माग काढावा लागतो. नुसत्या कानावर विसंबून चालत नाही.

(दृश्य: फळ्यावर 'शाळा' आणि 'स्कूल'. मधली रेघ पुसली जाते.)

'शाळा'वरूनच 'स्कूल' आला, असं कितीतरी जणांनी आपल्याला अभिमानाने सांगितलेलं असतं. अर्थ एक, आवाजही जवळचा. पण स्कूल आला ग्रीक 'स्खोले'वरून, आणि त्याचा मूळ अर्थ फुरसत, मोकळा वेळ. शाला म्हणजे घर, निवारा. धर्मशाळा, गोशाळा, पाकशाळा आठवा. तिथे कुणी शिकत नाही.

संस्कृत आणि इंग्रजी या एकाच जुन्या कुळातल्या भाषा. मग शाळेचा इंग्रजीतला नातलग कोण? हॉल.

ऐकून पटत नाही. म्हणून पुन्हा रांग लावू. शत, हंड्रेड. श्वान, हाउंड. शृंग, हॉर्न. संस्कृतात जिथे श, तिथे इंग्रजीत ह. या रांगेत शाला आणि हॉल नीट बसतात, स्कूल बसत नाही. जर्मन, इंग्रजी या भाषांमधली व्यंजनं कशी ओळीने सरकत गेली, याची मांडणी याकोब ग्रिम यांनी 1822 साली केली. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंमधले हे थोरले. माझ्या मते त्यांच्या सगळ्या परीकथांपेक्षा ही मांडणी जास्त अद्भुत आहे.

(दृश्य: नकाशा. ऑस्ट्रेलिया, उत्तर क्वीन्सलँड.)

आता सगळ्यात मोठा चकवा. म्बाबारम ही इथल्या आदिवासींची भाषा होती. 1960च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट डिक्सन तिचे शब्द टिपत होते. कुत्र्याला काय म्हणतात? उत्तर मिळालं, डॉग.

इंग्रजीतून उचलला असणार, असंच कुणालाही वाटेल. पण शेजारच्या यिदिन भाषेत कुत्रा म्हणजे 'गुडगा'. मूळ शब्द तोच. म्बाबारममध्ये सुरुवातीच्या ग्‌मुळे पुढच्या अक्षरातल्या अ-चा ओ झाला, मग पहिलं अक्षर गळालं, शेवटचा स्वरही गेला. उरलं डॉग. दोन भाषा, दोन वाटा, आणि निव्वळ योगायोगाने एकच मुक्काम. 'गुडगा' ऐकून तुम्हाला आपला गुडघा आठवला असेल, तर हा सापळा किती जवळ असतो ते कळेल.

फारसीतला 'बद', जो आपल्या बदनाममध्ये आहे, आणि इंग्रजीतला 'बॅड', हेही असेच परके. जपानी 'अरिगातो' म्हणजे धन्यवाद, पोर्तुगीज 'ओब्रिगादो' म्हणजेही धन्यवाद, आणि पहिला दुसऱ्यावरून आला असं सांगतात. पोर्तुगीज जपानला पोहोचले 1543 मध्ये, आणि अरिगातोचं मूळ रूप जपानीत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. अशा खोट्या जोड्यांवर भाषांच्या थोरवीचे दावे उभे राहतात आणि फोनवरून फोनवर फिरतात.

(दृश्य: तापलेलं, घामेजलेलं कपाळ. एक हात थर्मामीटर झटकतो.)

घर्म म्हणजे ऊन, उष्णता. मघाच्याच रांगेने घर्म, घम्म, घाम. त्याच कुळातला फारसी 'गर्म' आपल्याकडे 'गरम' होऊन आला. ग्रीकमध्ये त्या कुळातला शब्द 'थेर्मोस', आणि तोच थर्मामीटरमध्ये जाऊन बसला.

हे कपाळ गरम आहे. त्यावर घाम आहे. शेजारी थर्मामीटर आहे. दुरावलेली तिन्ही भावंडं या एका चौकटीत आहेत.

(दृश्य तसंच राहतं. आवाज थांबतो.)