सूत तुटतं, की माग थांबतो?

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत भर उन्हाळ्यात एखाद्या टॉवेलच्या कारखान्यात अडचण विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं, "सूत खराब येतंय, ताणा (कापडातले उभे धागे) सारखा तुटतोय." या वाक्यात अडचण थोडी आणि निकालच जास्त आहे. सूत खराब, म्हणून चांगलं आणा. चांगलं महाग, म्हणून गप्प बसा. विषय तिथेच मिटतो.

अडचण मांडायची तऱ्हा बदलली की उपायही बदलतो. म्हणून तेच वाक्य चार तऱ्हांनी लिहून पाहू. सूत तुटतं. सूत आपल्या शेडमध्ये तुटतं. सूत तुटलं की माग थांबतो. थांबलेला माग वेळेवर कुणाच्या लक्षात येत नाही.

पहिल्या वाक्याचा निकाल आपण पाहिला. दुसरं हवेकडे बोट दाखवतं. सुती धागा दमट हवेत जास्त ताण सोसतो. हवा कोरडी पडली की त्याच्यावरची खळ (मजबुतीसाठी धाग्याला दिलेला पेजेसारखा थर) कडक होऊन सुटते. सुती विणाईच्या शेडमध्ये आर्द्रता साधारण ७५ ते ८० टक्के लागते. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी बाहेरची हवा त्याच्या निम्म्यावरही नसते. म्हणून एकच बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) धरा आणि सकाळी सहा ते आठ व दुपारी दोन ते चार, अशा दोन वेळांना तुटलेले धागे मोजा. दुपारचा आकडा बराच चढला, तर सुतावर खर्च करण्याआधी शेडमध्ये दमटपणा वाढवा. दोन्ही आकडे सारखे आले तर सायझिंग (खळ देण्याचं काम) आणि ताण्याचे धागे ज्यांतून जातात ती फणी, ओव्यांचे डोळे तपासा. धागा रोज एकाच जागी तुटत असेल तर सुताला बोल लावू नका, त्या जागचा भाग काढून बघा.

तिसऱ्या आणि चौथ्या वाक्याला हिशोब लागतो. समजा, आठ तासांच्या पाळीत एका मागावर १२ वेळा धागा तुटतो. गाठ मारून माग सुरू करायला दीड मिनिट. पण कामगार दुसऱ्या मागावर अडकलेला, त्याला पोचायला तीन मिनिटं. एकूण ५४ मिनिटं माग बंद, त्यातली ३६ नुसती वाट बघण्यात. महाग सूत आणून तुटणं १२ वरून ९ वर आणलं, तर साडेतेरा मिनिटं वाचतात. मागावर लाल दिवा लावून वाट एका मिनिटावर आणली, तर २४. अर्थात धागा तुटल्यावर माग आपोआप थांबत असेल तरच हा दिवा कामाचा. साध्या मागावर ती सोय नसेल तर माग चालूच राहतो आणि कापडात धाग्याची रेघ सुटत जाते. तिथे तोटा वेळेचा नाही, सेकंड, म्हणजे दोष राहिलेल्या मालाचा आहे. म्हणजे प्रश्नही वेगळा.

जपानचे संशोधक साकिची तोयोदा यांच्या १९२४ च्या 'टाइप जी' मागात धागा तुटला की माग स्वतःच थांबे आणि धोटा (आडवा धागा नेणारा) चालत्या मागावर बदलला जाई. कामगाराने डोळ्यांत तेल घालून पाहण्याऐवजी तुटलेलं मागालाच कळावं, अशी ती रचना. त्यामुळे एका माणसाला बरेच माग सांभाळता येऊ लागले. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने त्याचे पेटंट हक्क विकत घेतले.

आता अडचण अशी वेगळी मांडायची कशी? अडचण एका वाक्यात लिहा आणि त्यात दडलेला उपाय खोडा. 'नवीन यंत्र हवंय' ही अडचण नाही, खरेदीची यादी आहे. मग वाक्याचा कर्ता बदला: मालकाच्या, कामगाराच्या, गिऱ्हाइकाच्या जागेवरून तेच लिहा. नंतर 'हे कशासाठी?' असं दोनदा विचारा. जास्त वर चढू नका. पाचव्यांदा विचारलं की माणूस 'सगळं नीट चालावं' इथे पोचतो, आणि त्यावर सोमवारी सकाळी करण्यासारखं काही उरत नाही. हाती आलेल्या वाक्यांपैकी आठवडाभरात, थोड्या पैशात तपासता येईल ते आधी घ्या. एक धोका मात्र आहे. 'गिऱ्हाइकाची अपेक्षाच चुकीची' अशी मांडणी झटकन सुचते आणि सोयीचीही असते. मोजमापाशिवाय ती मान्य करू नका.

कारखान्याबाहेरचं उदाहरण घेऊ. नळाला काही दिवसांआड पाणी, म्हणून घरोघरी साठा, म्हणून डेंग्यूचे डास. 'डास कसे मारायचे?' असं विचारलं की धुराची गाडी येते. ती फक्त उडणारे डास मारते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवतो. अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात, पण कोरडी अंडी कित्येक महिने टिकतात. म्हणून भांडं नुसतं ओतून उपयोग नाही, आतून काथ्याने घासावं लागतं. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हटलं तर लोक पाणी फेकायला तयार नसतात, आणि त्यांचं बरोबर आहे. तेव्हा प्रश्न असा करा: भांडं एरवीच रिकामं कधी होतं? नळ यायच्या आधी. घासणं त्याच तासाला जोडा. वरून नवं पाणी ओतायची सवय मोडते, फेकावंही लागत नाही. पुरवठ्याचं अंतर आठवड्यापेक्षा लांबलं तर मात्र हा मेळ बसत नाही. गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण लावा आणि ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा; झाकण लावूनही डास शिरतात ते बहुधा तिथूनच.