पूर्ण एक मिनिट

(दृश्य: पावसात थांबलेली रुग्णवाहिका. व्हरांड्यात ओल्या चपला.)

मेळघाटातून उतरलेल्या या १०८ मध्ये पाच महिन्यांचं बाळ आहे. आजी सांगते, “दोन रोजापासून पोट उडून राह्यलं जी. दूध पेत नाई.”

(दृश्य: घड्याळ धरलेला हात.)

ही रेसिडेंट एम.डी. बालरोगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जिल्हा रुग्णालयातल्या सक्तीच्या तीन महिन्यांसाठी आलेली. तिने बाळाला आईच्या मांडीवरून हलवलं नाही. झबलं वर केलं, घड्याळ पोटाजवळ नेलं आणि श्वास मोजायला घेतले. बाळ रडलं. ती थांबली. ते शांत झाल्यावर पुन्हा एकपासून. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा मोह गर्दीच्या वॉर्डात कुणालाही होतो. पण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही, म्हणून मिनिट पूर्ण मोजायचं. ५८. या वयात ५० पासून पुढे धाप धरतात.

झबल्याखाली आणखी काही दिसतं. बेंबीभोवती डागल्याच्या खुणा. डम्मा, म्हणजे आजारावर डाग देण्याचा पारंपरिक उपाय. तिने आजीकडे पाहिलं आणि विचारलं, “कधी दिला जी?” आवाज चढला नाही. आजीनेही लपवलं नाही.

आता भिंतीकडे बघा. फाईल घेऊन उभे आहेत ते तिचे सर. इतका वेळ एक शब्द बोललेले नाहीत. तिची परीक्षा चालू आहे.

एम.डी.ची मोठी परीक्षा तीन वर्षांच्या शेवटी. लाँग केस म्हणजे एका रुग्णाची सविस्तर तपासणी, शॉर्ट केस म्हणजे थोडक्यातली, आणि व्हायव्हा म्हणजे तोंडी प्रश्न. परीक्षक येतात तोवर केस घेऊन झालेली असते. ते मांडणी ऐकतात. आईशी ती कशी बोलली, हात गरम करून पोटाला लावला का, हे सहसा कुणी पाहिलेलं नसतं. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये डॉक्टरच्या कौशल्याच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि रोजच्या कामात खरंच करणं. चौथी पायरी परीक्षेच्या हॉलमध्ये दिसत नाही. ती वॉर्डातच बघावी लागते. त्यासाठी १९९५ मध्ये अमेरिकेत जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी मिनी-सीईएक्स मांडली: खरा रुग्ण, पंधरा-वीस मिनिटं, बघणारा शिक्षक, आणि लगेच तिथेच बोलणं. सलाईनची सुई किंवा पाठीतलं पाणी काढणं तपासायला डॉप्स नावाची वेगळी पद्धत आहे. अशा एका वेळच्या गुणांच्या फॉर्मवरून काही ठरत नाही. वर्षभरात वेगवेगळ्या शिक्षकांनी वेगवेगळ्या बाळांपाशी उभं राहायला हवं. ही वीस मिनिटं शिक्षकाने काढलीच पाहिजेत. ओपीडी कितीही भरलेली असो.

(दृश्य: व्हरांड्यातला बाक. दोन कप चहा.)

सरांच्या हातात मिनी-सीईएक्सचा फॉर्म आहे. त्यावर नऊपर्यंत गुण आहेत. तपासणी, ७. माणुसकीची वागणूक, ८. तो डम्म्याचा प्रश्न सरांनी शब्द न शब्द लिहून घेतलाय. समुपदेशन, ४.

“आईला काय समजलं?”

ती गप्प. आई कोरकू बोलते. बाळाला कसं पाजायचं, काय बघायचं, सगळं तिने मराठीत सांगितलं. आईने मान हलवली. आईकडून वदवून घेतलं नव्हतं.

(दृश्य: वॉर्ड. कोरकू जाणणारी सिस्टर सोबत.)

ऑक्सिजन आणि अँटिबायोटिक्सवर बाळ सावरलं, सहाव्या दिवशी सुट्टी झाली. पण हे दृश्य पहिल्याच दिवशीच्या संध्याकाळचं. रेसिडेंट पुन्हा खाटेशी आलीय. सिस्टर कोरकूतून विचारते: घरी गेल्यावर काय बघशील?

आई उत्तर देत नाही. ती झबलं वर करते, पोटावर हात ठेवते आणि बघत राहते.